आठव्या दिवसाचा दाखला

माझं तोंड वाईट आहे. शाळेतली मुलं छडीला भीत नसत, माझ्या तोंडाला भीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात मी माझ्या आईला काय काय बोलले तेही येणार, आणि त्यातला एक शब्दही मला गिळायचा नाही.

पवनेच्या धरणात आमचं गाव गेलं त्याला दोन पावसाळे झाले होते. वडील त्याच्या आधीच वारले, एका परीने सुटले. मी लोणावळ्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. लग्न केलेलं नव्हतं. वलवणच्या रस्त्याला दोन खोल्या घेऊन आई आणि मी राहत होतो. थोरला भाऊ, म्हणजे माझा दादा, पुण्याला इंजिनिअर होऊन न्यूयॉर्कला नोकरीला गेला होता. त्याला पाच वर्षं झाली होती. त्याचंही लग्न झालेलं नव्हतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात एक पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर दादाचं नव्हतं. त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या एका पंजाबी मित्राने इंग्रजीत लिहिलं होतं. दादाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा त्याला इस्पितळात नेऊन यंत्रावर रक्त साफ करत होते. डॉक्टर नक्की काही बोलत नाहीत, असं मित्राने लिहिलं होतं. पण उन्हाळा दिसेल असं त्यांना वाटत नाही. तो रोज आईचं नाव काढतो. आम्ही चौघे मित्र मिळून तिकीट इथूनच काढतो, तुम्ही फक्त आईंना पाठवा.

मी उन्हाळ्याचं वाक्य सोडून बाकी सगळं आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "रगत भाईर काडून धुत्यात?"

"हो."

"आन परत घालत्यात?"

"हो गं बाई."

तिने तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "मला त्येच्याकडं ने. त्येचं त्वांड बगू दे. येवडंच कर माजं, पुन्यांदा काय मागनार न्हाई." आईने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली पहिली गोष्ट ती. तिला जन्मात कधी मुंबई दिसली नव्हती, आणि मी कबूल करून बसले की तुला न्यूयॉर्कला पोचवते. कबूल केलं म्हणजे केलं. माझा स्वभावच तसा, एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाला ऐकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतला जगाचा नकाशा मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला आणि भिंतीला लावला. इथे आपण, हे मुंबई, इथून विमान लंडनला, तिथे दुसरं विमान, मग हा अटलांटिक महासागर, आणि पलीकडे हे न्यूयॉर्क. आई नकाशाजवळ गेली आणि निळ्या रंगावर तळहात ठेवला.

"ह्ये समदं पानी?"

"सगळं पाणी."

"आपल्या धरनापरीस लय असंल?"

मला हसू फुटलं. ती हसली नाही. पाण्याखाली काय काय जातं ते तिने बघितलं होतं, मी तेव्हा लोणावळ्यात होते.

मग सुरू झाली कागदांची दगदग. पासपोर्टसाठी जन्मतारीख हवी. आईला विचारलं तर म्हणे, "माजा जलम भाताच्या लावनीत झाला, आय सांगायची." कुठल्या सालच्या लावणीत ते आईची आई बरोबर घेऊन गेलेली. शेवटी तलाठ्याकडे, तहसिलीत, वकिलाकडे हेलपाटे घालून मी प्रतिज्ञापत्र केलं आणि माझ्या मनाने तिला एक तारीख दिली. चौकशीला पोलीस घरी आला. आईने त्याला चहा करून दिला आणि त्याची आई कुठे असते, बरी आहे का, ते सगळं विचारून घेतलं. जाताना तो तिच्या पाया पडून गेला, म्हणजे कोण कुणाची चौकशी करायला आलं होतं देव जाणे.

व्हिसासाठी मुंबईला गेलो. वकिलातीतल्या गोऱ्या साहेबाने दुभाष्यामार्फत तिला विचारलं, तिथे जाऊन काय करणार? आई म्हणाली, "भाकरी करून घालनार." दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने एकदा तिच्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. परत येताना गाडीत मी एवढी खुशीत होते की घाट चढून खंडाळा कधी आलं ते कळलं नाही.

आई एकटी जाणार होती. म्हणून मी पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर इंग्रजीत वाक्यं लिहिली. मला पाणी हवं आहे. मला मोरीकडे जायचं आहे. मी मांस खात नाही. मला लंडनला दुसऱ्या विमानात बसवा. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या मागे चित्र काढलं: तांब्या, दरवाजा, कोंबडी, विमान. रोज शाळेतून आले की परीक्षा. मी म्हणायची, "तहान लागली." ती कोंबडी दाखवायची. मी ओरडायची. मग ती मुद्दाम पुन्हा कोंबडी दाखवायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. त्या दोन महिन्यांत आम्ही मायलेकी जेवढ्या हसलो तेवढ्या आधीही नाही आणि नंतर तर नाहीच.

दादाने पूर्वी लिहिलेली पत्रं मी काढली आणि तिला ते शहर वाचून दाखवलं. त्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक पोर्तो रिकोची बाई राहायची, ती त्याला भात आणि राजम्यासारखं काहीतरी आणून द्यायची. कोपऱ्यावरचा दुकानदार ज्यू. कपडे धुणारा चिनी. बस चालवणारा काळा, तो दादाला रोज रामराम घालावा तसं काहीतरी म्हणायचा. रस्त्यावर दहा पावलं चाललं की दहा भाषा कानावर पडतात, असं त्याने लिहिलं होतं. मला वाटलं आई घाबरेल. ती म्हणाली, "मंग काय, हितं न्हाई व्हय? बंगल्यात पारशी, हाटेलात इरानी, दुकानात मारवाडी, बेकरीत गोयंकर. आमी गावास्नं आलो तवा कुटं कोन वळखीचं व्हतं? झाली की वळख." आणि पोर्तो रिकोच्या त्या बाईसाठी तिने शेर-दोन शेर आंबेमोहर आणि खुरासणीची चटणी बांधायला काढली. म्हणाली, "माज्या लेकाला तिनं घातलंय, तिचं रीन फेडाय पायजे."

पायात घालायला कॅनव्हासचे बूट आणि बाप्यामाणसाचे मोजे आणले. नऊवारीखाली बूट घालून ती खोलीत चालली आणि म्हणाली, "ह्येच्यात पाय हाय का न्हाई त्येच कळंना."

तिकीट आलं. गुरुवारचं. आता एकच कागद राहिला होता, देवी टोचल्याचा दाखला. तो पिवळ्या पुस्तकात भरून, सही-शिक्का करून बरोबर नसेल तर परदेशात विमानतळावरच अडवून वेगळं ठेवतात, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. नगरपालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्या ओळखीचे, त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली. गुरुवारच्या आधी दहा दिवस, सोमवारी, मी आईला त्यांच्याकडे नेलं.

"मावशी, याआधी कधी टोचून घेतलंय?"

"न्हाई."

"लहानपणीसुद्धा नाही?"

"न्हाई."

डॉक्टरांनी तिच्या अंगावर देवीचा वण आहे का ते पाहिलं. एकही नव्हता. ते मला म्हणाले, "बाई, पहिलीच वेळ आहे, म्हणजे आठ दिवस थांबावं लागेल. फोड यायला पाहिजे. पुढच्या सोमवारी घेऊन या, फोड बघितला की लगेच सही करतो. गुरुवारी खुशाल जाऊ देत. फक्त तिथे हात लावायचा नाही, धुवायचं नाही, काही लावायचं नाही." आईने मान हलवली. "व्हय," म्हणाली. टोचताना तिने डोळे घट्ट मिटले होते. मला वाटलं सुईला भ्यायली.

तो आठवडा मी सामानात घालवला. दंड दाखव, असं एकदाही म्हटलं नाही. चोळीच्या बाहीखाली काय चाललंय ते बघायला मला सवड नव्हती.

सोमवारी डॉक्टरांनी बाही वर केली. काही नव्हतं. एक कोरडा ओरखडा, तोही जवळजवळ भरून आलेला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. "असं होत नाही," ते म्हणाले. "मावशी, काही लावलं होतं का?"

"न्हाई."

"काही हरकत नाही, आत्ता परत टोचू. पण बाई, तारीख पुढे ढकलावी लागेल." ते सुई घ्यायला वळले आणि आई उठली. मला चक्कर येतीया म्हणाली आणि बाहेर चालू पडली. मी मागे धावले. वलवणच्या रस्त्याला ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर ती बसली होती. भर दुपार होती.

"चुना लावला व्हता म्या," ती म्हणाली.

"काय?"

"घरी गेल्या गेल्या. पानाच्या चंचीतला चुना चोळला, मंग थंड पान्यानं धुऊन टाकलं. टोचल्यालं अंगाला लागू दिलं न्हाई."

मला काही समजेना. मी विचारलं, का? आणि रस्त्यावर बसून तिने मला ते सांगितलं. दादाच्या तोंडावर देवीचे वण होते हे मला ठाऊक होतं, तो चार वर्षांचा असताना त्याला देवी आल्या होत्या हेही ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. अंगभर फोड उठले, डोळे चिकटून बसले, दोन दिवस पाणी पोटात राहिना, तेव्हा आई गावच्या देवीच्या देवळात ओलेत्याने जाऊन बसली होती. "तिला म्हनलं, ह्येला सोड. डोळं राहू दे, जीव राहू दे. मी तुज्या आड येनार न्हाई. माज्या अंगाला जल्मात टोचनीचं हत्यार लागू देनार न्हाई. तिनं सोडला. टोचनारा गावात यायचा तवा मी रानात जाऊन बसायचे, तुज्या बाला बी सांगितलं न्हाई. आता त्यो तितं तसा पडलाय. आन मी तिला दिल्याला शबुद मोडू व्हय? आत्ताच? ह्याच टायमाला?"

आता इथे माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिच्याजवळ बसली असती. मी उभी राहून ओरडले. आधी सांगायला काय धाड भरली होती, म्हणाले. ती म्हणाली, "तू आयकली आसतीस?" खरं बोलली. मी ऐकलं नसतं. त्यामुळे मी आणखीच पेटले. मी म्हणाले, "तुझी देवी आता पाण्याखाली आहे. जिला स्वतःचं देऊळ राखता आलं नाही ती काय तुझ्या पोराला राखणार! तिकडे न्यूयॉर्कात तिला ओळखतं तरी कोण? तू आई नाहीस, वैरीण आहेस त्याची." रस्त्याने दोन बाया गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. आईने पदराने तोंड पुसलं आणि घरी आली.

मी दादाच्या मित्राला तार केली: तब्येतीच्या कारणाने निघणं लांबलं, पुढची तारीख कळवते. गुरुवारचं विमान गेलं. त्या दिवशी आई दाराच्या उंबऱ्यात बसून आभाळाकडे बघत होती आणि मी आत भांडी आपटत होते. शेजारच्या एकाने मला हळूच सांगितलं होतं, बाई, मुंबईत सही-शिक्का विकत मिळतो, कशाला म्हातारीला छळता? मी त्याला फाडून खाल्लं. शिक्षकाच्या घरात खोटे दाखले चालत नाहीत म्हणाले. काय तोरा होता माझा! आज कुणी असा शिक्का आणून दिला तर पायावर डोकं ठेवीन.

शनिवारी दुपारी पलीकडच्या बंगल्यातल्या पारशी बाईंचा माणूस धावत आला. न्यूयॉर्कहून फोन आहे. दादाला तो नंबर मीच कधीतरी अडीअडचणीसाठी कळवला होता. आम्ही दोघी चपला न घालता पळालो. आधी मी घेतला. खरखर, शिट्ट्या, आणि त्यात दादाचा आवाज, पार पातळ झालेला. आईला दे म्हणाला. आईने फोन उलटा धरला, बाईंनी सरळ करून दिला. आई किंचाळली, "जेवलास का?"

तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आईच्या तोंडाकडे बघत होते. ती नुसती "व्हय, व्हय, येते, व्हय" म्हणत राहिली आणि फोन तुटल्यावरही म्हणत राहिली. पारशी बाईंनी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि तिला खुर्चीवर बसवलं.

घरी आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? "म्हनला, आय, लवकर ये." एवढंच सांगून ती चुलीपुढे बसली. रविवारी दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या चल दवाखान्यात."

सोमवारी सकाळी तिने आपणहून बाही वर केली. डॉक्टरांना म्हणाली, "डाक्टर, खोल टोचा. एकदाच काय ते व्हऊ द्या." मी जिंकले होते. खरंच मला तसं वाटलं, जिंकले, आणि घरी जाताना मी बाजारातून तिच्यासाठी लोकरीचा शर्ट घेतला. तिकीट पुढच्या आठवड्यात मिळेल अशी मित्राची तार आली होती.

या वेळी लागलं. गुरुवारपासून दंड लाल झाला, शुक्रवारी काखेत गाठ आली आणि ताप चढला. आई निमूट पडून होती. मी तासातासाला बाही वर करून बघत होते. शनिवारी दुपारी, फोड पाण्याने भरत आला होता त्या वेळी, तारवाला आला.

दादा गुरुवारी गेला होता. अंत्यविधी मित्रांनी तिथेच उरकला होता.

मला तिला सांगावं लागलंच नाही. माझ्या तोंडावरून तिने ओळखलं. रडली नाही. अंथरुणावर उठून बसली आणि विचारलं, "कंदी?"

"गुरुवारी."

तिने बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. "तीनच दिस," ती म्हणाली. "तिनं तीन दिस बी दम धरला न्हाई. मी हत्यार लावून घेतलं, आन तिनं त्येला न्हेला. म्या मारला गं त्येला. माज्या हातानं मारला." मग ती रडली. मी तिला धरायला गेले तर तिने दुखऱ्या हाताने मला ढकललं.

पुढच्या सोमवारी ताप उतरेना म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना काही माहीत नव्हतं. त्यांनी फोड बघितला आणि खूश झाले. "शाब्बास मावशी! आता कसं! जा आता खुशाल अमेरिकेला, लेकाला भेटा." मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ते पिवळं पुस्तक ओढून घेतलं, सही केली आणि दोन ठिकाणी शिक्का मारला. मग आम्हा दोघींकडे बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. ते पुस्तक तीन वर्षं चालणारं होतं.

दहावं, तेरावं चुलतभावाने केलं. माणसं आली, गेली. मी शाळेत जायला लागले. आई बोलायची, स्वयंपाक करायची, पण तो हात तिने बरा होऊ दिला नाही. खपली धरली की ती नखाने काढायची. मी पट्टी बांधायची, ती सोडायची. रागावून बघितलं, रडून बघितलं, शेवटी तिची नखं मी जबरदस्तीने कापली, तर तिने खपली दगडावर घासून काढली. कोपरापर्यंत हात सुजला. डॉक्टर म्हणाले, बाई, असंच चाललं तर हात जाईल, जीवही जाईल. म्हातारीच्या मनात काय आहे ते बघा.

तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊकच होतं. देवीने शिक्षा केली हे मी मानत नव्हते, पण मी मानून न मानून काय उपयोग? आणि सुई घे म्हणून तिच्या छातीवर बसलेली मीच होते. एवढी वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, आणि माझ्याच घरात मला एक वाक्य पटवून देता येईना.

महिन्याभराने मित्राचं लांबलचक पत्र आलं. त्यात शेवटच्या दिवसांची हकीकत होती. दादा बुधवारपर्यंत शुद्धीवर होता. रोज सकाळी विचारायचा, आईचं विमान कधी? खालच्या पोर्तो रिकोच्या बाईने त्याच्या उशाशी मेणबत्ती लावली होती. ते सगळं मी शाळेत, मधल्या सुट्टीत, वर्गाचं दार लावून वाचलं. आणि तिथेच माझ्या डोक्यात आलं की आता एक खोटं बोलायचं.

घरी आले. आई मागच्या दारी बसली होती. मी पत्र हातात धरून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आई, मित्राचं पत्र आलंय. तारेत वार चुकीचा होता. दादा गुरुवारी गेला नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली.

"रविवारी गेला," मी म्हणाले. "तू सोमवारी टोचून घेतलंस. त्याच्या आदल्या दिवशीच तो गेला होता. कळतंय का तुला? तू शब्द मोडलास तेव्हा तो नव्हताच. तुझ्या सुईने काही झालं नाही. देवीनेही काही केलं नाही. त्याचं दुखणंच तसं होतं, आई."

"आइतवारी?"

"रविवारी."

"पत्रात लिवलंय?"

मी पत्र तिच्यापुढे धरलं आणि इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. वर्गात पंचवीस पोरांनी एका वेळी थापा मारल्या तरी मी ओळखते, पण माझं बोट तेव्हा अजिबात हललं नाही. आईने त्या जागेकडे बराच वेळ बघितलं. तिचे खांदे खाली आले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिने लांब श्वास सोडला. मला वाटलं, सुटली. देवा, सुटली एकदाची. मी तिचा हात मांडीवर घेतला, तिने घेऊ दिला. मी औषध लावून पट्टी बांधायला लागले.

पट्टीची गाठ मारत होते तेव्हा ती दुसऱ्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत असलेली मला दिसली.

"पैलं इमान बेस्तरवारचं व्हतं न्हवं?"

"हो, गुरुवारचं," मी म्हणाले.

"बेस्तरवारी बसले असते तर तितं कंदी पोचले असते?"

"शुक्रवारी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नकाशापुढे मीच तिला शंभरदा सांगितलं होतं.

"सुक्कीरवार. शनवार. आइतवार." तिने तीन बोटं माझ्यापुढे धरली. "म्हंजी तीन दिस घावला असता मला. म्या चुना लावला नसता तर तीन दिस." आणि तिने तो पट्टी बांधलेला हात माझ्या मांडीवरून काढून घेतला.

ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. हाताची जखम भरली, पुन्हा कधी तिने तिला नख लावलं नाही. पण कुणीही दादाचा विषय काढला की ती तेवढंच सांगायची, मला तीन दिस घावला असता. शेजारणींना सांगायची, डॉक्टरांना सांगितलं, शेवटच्या दुखण्यात मलाच कुणी परकी समजून सांगितलं. मी दर वेळी हो म्हणायची. खरे सहा दिवस होते, बुधवारपर्यंत तो शुद्धीवर होता. ते मी तिला सांगितलं नाही.